फ्लोरा फाउंटनचं पाणी चालणारं मॉडेल (१:२४) – कामाच्या नोंदी, फेब्रुवारी ते मे २०२५

९ फेब्रुवारी, रविवार

काम ठरलं. आमच्या डोंबिवलीतल्या वाचनालयात १ मे ला दरवर्षी छोटं प्रदर्शन असतं, यंदा विषय हुतात्मा चौक. बाकीच्यांनी फोटो आणि कात्रणं घेतली, मी म्हटलं मी कारंजं करतो, आणि नुसतं दिसायला नाही, पाणी पडणारं करतो. २१ नोव्हेंबर १९५५ ला संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चावर गोळीबार झाला, एका दिवसात १५ माणसं गेली, ते आमच्या घरात अजूनही 'फ्लोरा फाउंटनचा गोळीबार' असंच म्हणतात. पण त्या फाउंटनकडे कोणी नीट बघत नाही असं मला ऑफिसला जाता येता वीस वर्षं वाटत आलंय. शेतकरी-कामगारांच्या स्मारकाशेजारी फुलांची रोमन देवी कशी आली, हे पोरांना सांगता आलं पाहिजे.

सोबत भाचा, नववीत आहे, गणित चांगलं आहे. ह्या नोंदी लिहितोय कारण शोधलं तर लहान कारंज्यांचे व्हिडिओ शेकड्याने आहेत पण जुन्या दगडी कारंज्याचं पाणी चालणारं मॉडेल मराठीत कोणी लिहून ठेवलेलं मला मिळालं नाही. चुका लिहिणार, खर्च लिहिणार.

स्केल १:२४ घेतलं. म्हणजे १ फूट बरोबर अर्धा इंच, डोक्यात हिशेब होतो. कारंजं जमिनीपासून देवीच्या डोक्यापर्यंत ३२ फूट, म्हणून मॉडेल १६ इंच. त्याहून लहान केलं तर पाणी ऐकत नाही हे मला तेव्हा माहीत नव्हतं, नशिबाने बरोबर ठरलं.

१६ फेब्रुवारी, रविवार

सकाळी ६ च्या लोकलने सीएसएमटी, तिथून चालत. रविवारी सात-साडेसातला चौक रिकामा असतो, फोटो काढायचे तर हीच वेळ. आत जाऊन टेप लावता येत नाही, म्हणून भाच्याला कडेला उभं केलं (५ फूट २ इंच) आणि चारही बाजूंनी फोटो. एकूण ८४ फोटो.

घरी येऊन प्रिंट काढले, पट्टी लावली, ड्रॉइंग केलं आणि संध्याकाळपर्यंत कळलं की सगळं चुकलंय. दोन चुका होत्या. एक, भाचा कडेला उभा होता म्हणजे कॅमेऱ्याच्या जवळ, आणि कारंज्याचा मधला खांब बराच मागे, त्यामुळे त्याच्या उंचीवरून काढलेलं माप सगळीकडे कमी येत होतं. दुसरी मोठी चूक, मी जवळ उभा राहून मोबाईल वर करून फोटो काढले, त्यात वरचा भाग आक्रसतो. ड्रॉइंगमध्ये फ्लोरा सव्वादोन इंचाची आली आणि खालचे शिंपले अवाढव्य.

दिवस गेला. पुढच्या रविवारी परत जावं लागणार.

२३ फेब्रुवारी, रविवार

ह्यावेळी रस्त्याच्या पलीकडे, जेवढं लांब जाता येईल तेवढं लांब जाऊन झूमने काढले, मोबाईल छातीशी सरळ धरून. माप घेताना भाच्याची उंची सोडून दिली आणि एकूण ३२ फूट हाच आधार धरला, बाकी सगळं त्याच्या प्रमाणात. आता फ्लोरा ७ फुटांच्या आसपास येते, म्हणजे मॉडेलमध्ये साडेतीन इंच. पहिल्या ड्रॉइंगपेक्षा सव्वा इंच जास्त! जो कोणी हे करेल त्याने लांबून फोटो काढा, एवढं एक जरी लक्षात ठेवलं तरी एक आठवडा वाचेल.

तिथं तासभर नुसतं बसून बघितलं तेव्हा रचना डोक्यात बसली. सगळ्यात वर फ्लोरा, तिच्याखाली निमुळता होत जाणारा खांब, चार बाजूंना चार आकृत्या, शिंपल्यासारखी पसरट भांडी, मासे (डॉल्फिन आहेत, पण जुन्या युरोपियन पद्धतीचे, खवले आणि वळलेली शेपटी असलेले), आणि खाली मोठं टाकं. पाणी एका शिंपल्यातून दुसऱ्यात, तिथून टाक्यात. म्हणजे मूर्ती, नक्षी सगळं ठीक आहे पण खरं काम पाण्याला पायऱ्या करून देण्याचं आहे, प्रत्येक शिंपला ही एक पायरी. मी इतकी वर्षं ह्याला पुतळा समजत होतो.

२ मार्च, रविवार

सामान आणलं. शाडू १० किलोची बॅग २५० रुपये, बेससाठी १२ एमएमचा एमडीएफ (लाकडाच्या भुशाचा दाबलेला बोर्ड) दोन बाय दोन फूट कापून ४५० रुपये, खालच्या टाक्यासाठी प्लास्टिकचा गोल टब २२० रुपये.

आमच्या गल्लीच्या टोकाला एक मूर्तिकार काका आहेत, गणपतीचा कारखाना आहे त्यांचा. त्यांच्याकडे ड्रॉइंग घेऊन गेलो. म्हणाले, "अरे गणपती एकदा पाण्यात जातो आणि विरघळावा म्हणूनच शाडूचा असतो, तुझी बाई रोज पाण्यात राहणार. शाडूत फक्त घडव, साचा काढ, मग दुसऱ्या कशात तरी ओत." मी शाडूवर वॉटरप्रूफ कोट मारायच्या विचारात होतो. तो विचार तिथंच सोडला.

आणि एक गोष्ट त्यांनी अशी सांगितली की नुसत्या तारेवर शाडू थांबत नाही, सुकताना माती आकसते आणि तार आकसत नाही, मग तारेच्या रेषेत तडा जातो. तारेला आधी काथ्या गुंडाळायचा. मला वाटलं साडेतीन इंचाला कशाला काथ्या.

५ मार्च, बुधवार

फ्लोराचा हात पडला. बरोबर तारेच्या रेषेत तडा. काथ्या गुंडाळून परत सुरू.

९ मार्च, रविवार

भाग वेगवेगळे करायचं ठरवलं, एकसंध नाही. फ्लोरा एक, खांबाचे तीन तुकडे, शिंपला फक्त एक (साच्यातून चार काढायचे), मासा एक (तोही चार काढायचे), कोपऱ्यातली आकृती एकच. इथे मी प्रामाणिकपणे लिहितो, मूळ कारंज्यात चारही आकृत्या वेगळ्या आहेत, मी एकाच साच्याच्या चार केल्या. चार वेगळे चेहरे पावणेदोन-दोन इंचात घडवणं माझ्या हाताला जमणारं नव्हतं. हे माहिती फलकावर लिहून टाकणार, पोरांना वाटायला नको की खऱ्यातही चौघी सारख्याच आहेत.

मूळ कोरीवकाम जेम्स फोर्सिथ ह्या इंग्रज शिल्पकाराचं. आराखडा रिचर्ड नॉर्मन शॉचा, तोच ज्याने पुढे लंडनची न्यू स्कॉटलंड यार्डची इमारत केली. फोर्सिथने इंग्लंडात विटली कोर्ट नावाच्या हवेलीच्या बागेतही कारंजी कोरलीत, पर्सियस आणि अँड्रोमेडाचं प्रचंड कारंजं आहे तिथं, आणि गंमत म्हणजे तिथल्या एका कारंज्याचं नावही फ्लोराच आहे. म्हणजे मुंबईचं कारंजं हे अशा बागेतल्या कारंज्यांच्या घराण्यातलं आहे. आणि खरंच, ते चौकासाठी नव्हतंच! ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडियाने ते भायखळ्याच्या व्हिक्टोरिया गार्डनसाठी, म्हणजे आपल्या राणीच्या बागेसाठी करून घेतलं. बागेसाठी फुलांची देवी. आता ती का आहे ते कळलं ना. मला हे कळलं तेव्हा वीस वर्षांचं कोडं सुटल्यासारखं वाटलं.

१५ मार्च, शनिवार

धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी सिलिकॉन रबर ओतलं. २ किलो, कॅटॅलिस्टसकट (रबर घट्ट करणारं द्रावण) १,९०० रुपये, ह्या कामातला सगळ्यात मोठा खर्च. डब्यावर ३ टक्के कॅटॅलिस्ट लिहिलंय, मी घाईत थेंब मोजले नाहीत, अंदाजाने घातलं, आणि दुपारची वेळ, पत्र्याखालची गॅलरी, ते कपातच आठ-दहा मिनिटांत घट्ट झालं. जवळजवळ पाव किलो गेलं. नंतर वजनकाट्यावर मोजून, सकाळी ७ वाजता केलं, व्यवस्थित झालं.

पहिला हात ब्रशने लावायचा, पातळ, सगळ्या खाचाखोचांत, आणि तो चिकट होईपर्यंत थांबून मगच वरून ओतायचं. थेट ओतलं तर बुडबुडे नेमके नाकावर आणि बोटांवर बसतात. शिंपल्याचा साचा थेट ओतला होता, त्याच्या कडेवर तीन खड्डे आले, नंतर प्रत्येक शिंपल्याला ते हाताने भरावे लागले.

१८ मार्च, मंगळवार

पीओपीत ओतलं (५ किलो, १२० रुपये). सुंदर आलं. फ्लोराच्या वस्त्राच्या चुण्या जशाच्या तशा. घरात सगळ्यांना दाखवलं.

काका म्हणाले होते पीओपी नको. मला वाटलं वरून सीलर मारला की चालेल, आणि १ मे ला पाच-सहा तासच तर चालवायचंय.

२२ मार्च, शनिवार

पंपाची पहिली चाचणी. मत्स्यालयाचा १८ वॅटचा पंप, ३५० रुपये. खोक्यावर लिहिलं होतं पाणी दीड मीटर वर चढतं, मला पाहिजे जेमतेम ४० सेंटिमीटर, म्हणून भरपूर आहे असं धरलं. टब भरला, चालू केला, फ्लोराच्या पायाशी पाणी आलं ते नळ गळतो तसं थेंब थेंब.

पंप कमी नव्हता, नळी बारीक होती. मी पूर्ण उंचीला ४ एमएमची नळी वापरली कारण ती खांबात सहज बसत होती. बारीक नळीत घर्षणातच सगळा जोर जातो. आणि दीड मीटर ही पाणी वाहायचं थांबतं ती उंची असते, तिथं धार शून्य.

रात्रभर तसंच चालू ठेवलं, बघू म्हटलं.

२४ मार्च, सोमवार

दोन दिवसांत फ्लोराच्या पायाची बोटं गायब, शिंपल्यांच्या कडा साबणासारख्या गुळगुळीत. पीओपी म्हणजे जिप्सम, एका लिटरला २ ग्रॅमच्या आसपास विरघळतंच, आणि वाहत्या पाण्यात ते चालूच राहतं. सीलर असूनही जिथं पाणी पडतं तिथं आधी गेलं. सगळा पांढरा चोथा खाली बसून पंपाच्या पात्यात गेला, पंप गरम होऊन बंद. ३५० आणि १२० रुपये एका झटक्यात.

वर एमडीएफचा बेस. टबाच्या कडेवरून उडालेलं पाणी त्याने प्यायलं आणि एका कोपऱ्यात पाव इंच फुगला. ४५० रुपये. हे मला कळायला हवं होतं, स्वयंपाकघरातल्या सिंकखालचं कपाट आमच्याकडे असंच फुगून गेलंय.

आजचा दिवस खूप वाईट गेला. भाच्याला फोन केला तर तो म्हणाला, "मामा, साचे तर शिल्लक आहेत ना." हो, साचे आहेत.

३० मार्च, गुढीपाडवा

नवीन सुरुवात. पांढरं सिमेंट ५ किलो २०० रुपये, मार्बल पावडर १०० रुपये. प्रमाण १ ला २. पाणी कमीत कमी, लापशीपेक्षा जरा घट्ट. साचा भरताना खालून टेबलाला हाताने ठोकत राहायचं म्हणजे हवा वर येते. चोवीस तासांनी साचा सोडवला आणि सगळे भाग बादलीत पाण्यात बुडवून ठेवले, क्युरिंगला, गवंडी जसं स्लॅबवर पाणी धरतो तसं. सात दिवस.

बेससाठी आता १८ एमएमचा पीव्हीसी बोर्ड, ६०० रुपये. पाणी पीत नाही.

मार्बल पावडर का, तर मूळ कारंजं पोर्टलँड दगडाचं आहे. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर पोर्टलँड नावाचं बेट आहे, तिथला चुनखडीचा दगड, लंडनचं सेंट पॉल्स कॅथेड्रल त्याच दगडाचं. आपल्या फोर्टातल्या इमारतींत काळा बेसाल्ट, मालाडचा पिवळसर दगड, पोरबंदरचा दगड दिसतो, आणि त्यांच्यामध्ये हे एकटं पांढरं जहाजातून आलेलं. चुनखडी आणि संगमरवर दोन्ही मुळात एकच, कॅल्शियम कार्बोनेट, त्यामुळे रंग न देताही मॉडेलचा पोत जवळ जातो. हे तेव्हाच समजून गप्प बसलो असतो तर पुढचा घोळ झाला नसता.

५ एप्रिल, शनिवार

क्युरिंग सात दिवसांचं ठरवलं होतं पण पाचव्या दिवशी काढलं कारण वेळ कमी वाटत होता. रात्री पंख्याखाली सुकवलं आणि आज ऑइल पेंट मारला. लहानपणी बघितलेलं फाउंटन पांढरंशुभ्र, चकचकीत होतं, तसंच पाहिजे होतं. रंग, ब्रश, टर्पेंटाइन मिळून ३१० रुपये.

९ एप्रिल, बुधवार

रंगाला फोड आले. खांबाचा मधला तुकडा आणि तीन शिंपले. बोट लावलं की पापुद्रा निघतोय आणि आत ओल.

काका बघायला आले. म्हणाले, "ओल आत कोंडलीस. तिला बाहेर यायला वाट पाहिजे, नाही दिली तर ती रंग घेऊनच बाहेर येणार." मग मी त्यांना सांगितलं की खऱ्या फाउंटनचंही हेच झालं होतं. त्या दगडावर चांगला दिसावा म्हणून वर्षानुवर्षं ऑइल पेंटचे हात मारले गेले. चुनखडी सच्छिद्र, ती पाणी घेते आणि सोडते, वरून तेलकट थर बसला की सोडायची वाट बंद. वर कोरीवकामाच्या कडा थराखाली बुजतात त्या वेगळ्याच. पालिकेने संवर्धन वास्तुविशारद विकास दिलावरी ह्यांच्याकडून दुरुस्ती करून घेतली तेव्हा रंगाचे ते सगळे थर काढून दगड मोकळा केला, पाण्याची यंत्रणा परत चालू केली, आणि २४ जानेवारी २०१९ ला कारंजं लोकांसाठी उघडलं. खोदताना तिथं जुन्या ट्रामचे रूळही सापडले होते. मी त्या काळात रोज पत्र्यांच्या कुंपणावरून जायचो आणि एवढा वेळ कशाला लागतो म्हणून वैतागायचो. आता एका वितीच्या खांबावरचा रंग काढायला मला काय लागतंय ते बघतोय.

१२ एप्रिल, शनिवार

रंग काढण्यात दोन संध्याकाळी आणि आजची सकाळ. रिमूव्हर लावून जुन्या टूथब्रशने, मग बांबूच्या काडीने. लोखंडी ब्रश एकदा लावला, फ्लोराच्या एका हाताची बोटं सपाट झाली, लगेच थांबलो. ती तशीच ठेवलीय. रंग पूर्ण गेला नाही, खाचांत थोडा आहे. पण उघडा दगडासारखा मळकट पांढरा रंग बघितला आणि वाटलं हाच खरा. आता रंग नाही. फक्त पाण्यासारखं पातळ, आत मुरणारं वॉटर रिपेलंट एक हात (एपॉक्सी पुट्टीसकट २८० रुपये), ते थर धरत नाही.

१३ एप्रिल, रविवार

नळकाम. ह्यावेळी मधून १२ एमएमची एकच मोठी नळी वरपर्यंत, आणि चार शिंपल्यांना चार वेगळ्या बारीक फांद्या, प्रत्येकीला छोटा व्हॉल्व्ह. नळ्या, टी, व्हॉल्व्ह ३८० रुपये. नवीन पंप मोठा, ६५० रुपये.

आधी माझा हट्ट होता की सगळं पाणी वरून सोडायचं आणि ते आपोआप चारी बाजूंना वाटलं जाईल. तसं होत नाही. पाण्याला एक सोपी बाजू सापडली की सगळं तिकडून जातं, बाकीचे तीन शिंपले कोरडे. व्हॉल्व्ह असले की ज्याला जास्त जातंय त्याचा जरा आवळायचा.

व्हॉल्व्ह खांबाच्या आत ठेवू नका. मी आधी आत ठेवले, एपॉक्सीने बंद केलं आणि मग ॲडजस्ट कसं करणार! फोडून बाहेर, टबाच्या कडेखाली आणले. चार तास.

१९ एप्रिल, शनिवार

पूर्ण जोडणी, पाणी सोडलं. आता जोर छान आहे पण शिंपल्यातून पाणी खाली पडतच नाही, कडेवरून वळून शिंपल्याच्या पोटाला चिकटून मागे खांबापर्यंत जातं आणि खांबावरून उतरतं. चहाच्या भांड्याच्या चोचीवरून चहा ओघळतो तसं अगदी.

भाचा म्हणाला पृष्ठताण, पाणी लहान नाही झालं मामा, फक्त कारंजं लहान झालंय. बरोबर आहे. खऱ्या शिंपल्यावरून पाण्याचा जाड पडदा पडतो, त्याच्या वजनापुढे चिकटणं काहीच नाही, आपल्या अर्ध्या मिलिमीटरच्या पडद्याला चिकटणंच भारी पडतं. थेंबभर भांड्याचा साबण घालून बघितला, पाणी पडायला लागलं पण पाच मिनिटांत टबात फेसाचा ढीग. पाणी बदललं, तीनदा धुतलं.

२० एप्रिल, रविवार

उपाय सापडला आणि तो घराच्या छज्जावर होता. गवंडी छज्जाच्या खालच्या बाजूला कडेजवळ एक खाच ठेवतात, पावसाचं पाणी त्या खाचेपाशी तुटून खाली पडतं, भिंतीकडे येत नाही. हॅक्सॉ ब्लेडने प्रत्येक शिंपल्याच्या कडेखाली तीन मिलिमीटर आत तशी खाच मारली. कड वरून जरा धारदार केली. लगेच फरक. चौघांतल्या तिघांतून पाणी सरळ टाक्यात.

चौथा (दक्षिणेचा म्हणतो मी त्याला) नुसता ठिबकत होता. त्याची कड वर आहे असं वाटत होतं पण डोळ्याला दिसेना. मोबाईलमधलं लेव्हल ॲप वापरलं, ते बरोबर दाखवत होतं. शेवटी काकांकडून पाणसळ आणली, पारदर्शक नळीत पाणी भरून, आणि कळलं शिंपला जेमतेम १ मिलिमीटर वर. पाण्याला १ मिलिमीटर पुरतो. पॉलिश पेपरने कड घासून खाली आणली.

२४ एप्रिल, गुरुवार

माहिती फलक. भाच्याने पहिला मसुदा लिहिला त्यात होतं 'व्हिक्टोरिया राणीने १८६४ मध्ये बांधले'. साल बरोबर, बाकी काढलं. १८६४ म्हणजे कापसाच्या तेजीचे दिवस, अमेरिकेत यादवी युद्ध, तिथला कापूस बंद, मुंबईत पैशाचा पूर. गव्हर्नर बार्टल फ्रियरने किल्ल्याचा तट पाडायला घेतला, आणि जिथं चर्चगेट नावाचा दरवाजा होता तिथं हे कारंजं आलं. स्टेशनचं नाव त्याच दरवाज्यावरून, आणि दरवाज्याचं नाव आतल्या सेंट थॉमस चर्चवरून. कारंज्याला आधी फ्रियरचंच नाव द्यायचं होतं, उद्घाटनाआधी ते बदलून फ्लोरा झालं. खर्च ४७,००० रुपये, त्यातले २०,००० कर्सेटजी फर्दुनजी पारेख ह्यांनी दिले. विहार तलावाचं पाणी नळाने शहरात आलं १८६० मध्ये, म्हणजे नळाचं पाणी येऊन चारच वर्षं झाली होती. ज्या शहरात तोपर्यंत लोक विहिरी आणि टाक्यांच्या पाण्यावर होते तिथं भर रस्त्यात शोभेसाठी पाणी उडतंय, लोक काय बघत राहिले असतील! हे वाक्य मला फलकावर पाहिजे होतं, वाचनालयाच्या बाई म्हणाल्या जागा नाही. मग इथं लिहिलं.

फलकाचा शेवटचा भाग १९५५, संयुक्त महाराष्ट्र, १ मे १९६० आणि शेजारचं हुतात्मा स्मारक. तो मी एकट्याने लिहिला नाही, वाचनालयातल्या तीन ज्येष्ठांनी बसून लिहिला. त्यात मी एका शब्दालाही हात लावला नाही.

२७ एप्रिल, रविवार

आठ तास सलग चाचणी. शिंपल्यांवर पांढरी पूड आली, लोणा. सिमेंटमधला मोकळा चुना बाहेर येतोय, क्युरिंग पाच दिवसांत उरकलं त्याचं फळ. पाणी बदलून परत आठ तास, परत पूड, तिसऱ्या वेळी कमी. ओल्या फडक्याने पुसलं जातं. पूर्ण सात-दहा दिवस पाण्यात ठेवा आणि ते पाणी दोन-तीनदा बदला.

विजेचं: पंपाची वायर टबातून निघून सरळ बोर्डात नेऊ नका. बोर्डाच्या खाली एकदा झोळासारखी लोंबती ठेवा, मग वर घ्या, वायरवरून ओघळणारं पाणी त्या झोळातून खाली पडतं, बोर्डात जात नाही. प्रदर्शनात पोरं हात घालणारच, त्यामुळे ज्या प्लगला गळती ब्रेकर (वीज गळली की लगेच पुरवठा तोडणारा) आहे तोच मागून घेतला.

एकूण खर्च ५,८१० रुपये, लोकलचं भाडं सोडून. त्यातले १,२३० सरळ वाया (एमडीएफ, पीओपी, पहिला पंप, रंग), आणि कपात घट्ट झालेलं सिलिकॉन वेगळं.

१ मे, गुरुवार

सकाळी ९ ते दुपारी २ चाललं, एकदाही बंद पडलं नाही. टेम्पोतून नेताना एक मासा सुटला होता, एपॉक्सीने तिथंच बसवला, पाणी सोडायला वीस मिनिटं उशीर. हॉलच्या पंख्यामुळे पाणी उडत होतं, पाच तासांत चार लिटर परत भरावं लागलं, जमिनीवर पुसायला माणूस ठेवावा लागला. पंख्याचा विचार केलाच नव्हता.

पोरांनी सगळ्यात जास्त वेळा विचारलं ते पाणी संपत कसं नाही. भाचा प्रत्येकाला टबाखाली वाकवून पंप दाखवत होता.

एक आजी आल्या, ऐंशीच्या पुढच्या, बराच वेळ एका बाजूने बघत उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "सगळं आहे, पण ट्राम कुठंय? ट्रामशिवाय फाउंटन कसं?" मुंबईची शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ ला धावली, बोरीबंदर ते दादर. आजी तेव्हा कॉलेजात होत्या, म्हणाल्या ट्रामच्या खिडकीतून कारंज्याचे तुषार अंगावर यायचे, वारा असला की. मी हे लिहून घेतलं.

४ मे, रविवार

मॉडेल परत घरी. टब रिकामा केला, तळाला पाव चमचा पांढरी पूड, पंपाची जाळी साफ. शिंपल्यांच्या कडा शाबूत आहेत, फ्लोराचा चेहराही, फक्त पायाशी जिथं पाणी फुटतं तिथं हिरवट डाग यायला लागलाय, पाणी दोन दिवस तसंच राहिलं म्हणून.

साचे अजून चांगले आहेत, पाच-सहा वेळा तरी निघतील. शिंपल्याचा साचा काकांनी मागून नेला, यंदा गौरीच्या मखराला लावणार म्हणतायत. मी म्हटलं खाच मारायला विसरू नका, ते म्हणाले, "माझ्याकडे पाणी नाही सोडणार रे, नुसते ठेवणार." भाच्याने ट्रामचं ड्रॉइंग सुरू केलंय, फोटो लांबून काढलेलेच शोधतोय.